वडील हयात आहेत का?

महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पालकांच्या माहितीचं पान येतं. त्यावर एक प्रश्न असतो, वडील हयात आहेत का? उत्तरं दोनच, हो किंवा नाही. गेल्या जुलैत आमच्या कॉलेजच्या संगणक खोलीत एक मुलगी या प्रश्नापाशी अडली. तोवर तिनं सगळं भराभर भरलं होतं. आधार, बारावीचे गुण, बँकेचं खातं. इथं आल्यावर तिनं माउसवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, काय दाबू?"

ती चौथीत असताना तिची आई वारली. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, ते पुण्याकडं गेले आणि ही भुदरगड तालुक्यात आजोळी राहिली. इतक्या वर्षांत ते दोनदा येऊन गेले. आता फोन लागत नाही. ते हयात आहेत. कुठल्या तरी कंपनीत नोकरीला आहेत असं गावातले कुणीकुणी सांगतात. पगार किती, ते कुणालाच ठाऊक नाही. "हो" दाबलं की त्यांचा व्यवसाय, त्यांचं उत्पन्न आणि त्याचा दाखला भरावा लागतो. "नाही" दाबलं तर ते खोटं होतं, आणि उद्या कुणी मृत्यूचा दाखला मागितला तर पोरीनं काय दाखवायचं?

मी इतकी वर्षं शिष्यवृत्ती समितीचं काम करते. दर प्रवेशाच्या हंगामात अशी काही मुलं समोर येतातच. कुणी मावशीकडं वाढलेलं असतं, कुणाचे वडील दारूत बुडालेले असतात आणि पोरगा चुलत्याच्या परड्यातल्या खोलीत राहून शिकत असतो. कुणाची आई घर सोडून माहेरी आलेली असते आणि वडील कागदाला हात लावू देत नाहीत. या मुलांसाठी माझी मागणी एकच आहे. जो बाप किंवा जी आई मुलाला पोसत नाही, तिचं किंवा त्याचं उत्पन्न त्या मुलाचं म्हणून धरू नये आणि त्यांच्या सहीवाचून मुलाचं शिक्षण अडवू नये. अर्जात तिसरं उत्तर हवं. पालक हयात आहेत, पण सांभाळत नाहीत.

घोडं नेमकं कुठं अडतं ते नीट सांगायला हवं, कारण ज्यांच्या घरी आईवडील आहेत त्यांना ते दिसत नाही. सगळं उत्पन्नाच्या दाखल्यावर येऊन थांबतं. अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची फी माफ केली, तिथंही आठ लाखांचीच अट आहे. मोजलं जातं ते कुटुंबाचं उत्पन्न. दाखला तहसीलदारांचा, अर्ज सेतूत किंवा महा ई सेवा केंद्रात, सोबत रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात ते तलाठीच आहेत.) दाखला निघतो तो पालकाच्या नावानं. मुलीचं नाव खाली, अमक्याची मुलगी म्हणून.

त्या मुलीचं नाव अजून वडिलांच्या गावच्या रेशनकार्डावर होतं. आजीच्या कार्डावर घ्यायचं तर आधी तिकडून कमी करून आणावं लागतं, आणि त्यासाठी तिकडच्या माणसानं अर्ज द्यावा लागतो. म्हणजे आजीच्या घरची ठरायला वडिलांच्याच घरची परवानगी हवी.

मी एके दिवशी मुलगी आणि आजीबरोबर सेतूत गेले. पाऊस धो धो लागलेला, पंचगंगा पात्राबाहेर पडलेली, गारगोटीकडून येणारी एसटी दीड तास उशिरा आली. आजीनं सगळे कागद साखरेच्या पिशवीत घालून, वरून रबर लावून पदराखाली धरले होते. खिडकीपाशी पोचल्यावर तिनं एकेक कागद काढून फळीवर हातानं सपाट करत मांडला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, लेकीचा मृत्यूचा दाखला, स्वतःचं रेशनकार्ड. खिडकीतला मुलगा वाईट नव्हता. त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "आजी, हे समदं बरोबर हाय, पण बापाचं आधार आणि सही लागतीया." आजी म्हणाली, "त्यो कुठं हाय त्येच ठावं न्हाई रं." तो म्हणाला, "मग मयत हायत का?" आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मेला आसता तर कागूद तरी मिळाला आसता."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्या बाईच्या मनात जावयाविषयी राग नव्हता, ती फक्त हिशेब सांगत होती आणि तिचा हिशेब बरोबर होता. आईवडील दोन्ही नसलेल्या मुलाला आपल्या राज्यानं २०१८ मध्ये एक टक्का समांतर आरक्षण दिलं. फी माफीच्या २०२४ च्या निर्णयात अनाथ मुलं आणि मुली दोन्ही आहेत. तंत्रशिक्षण परिषदेची स्वनाथ नावाची शिष्यवृत्ती अनाथांना वर्षाला ५० हजार रुपये देते. हे सगळं चांगलं आहे, व्हायलाच हवं होतं. पण ज्याचा बाप जिवंत आहे आणि नाहीही, त्याला यातलं काही लागू होत नाही.

सरकारला अशी माणसं ओळखताच येत नाहीत असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. परित्यक्ता हा शब्द सरकारच्या कागदांवर कितीतरी वर्षं आहे. नवऱ्यानं टाकलेली बाई संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करू शकते. लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्या शेजारी परित्यक्ता असं स्पष्ट लिहिलेलं आहे. निराधार योजनेत कुणी तिला म्हणत नाही की आधी नवऱ्याची सही आण. गावातले लोक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या सांगण्यावरून ठरतं की हिला टाकलेलं आहे. बाईला टाकणारा जर सरकारला ओळखता येतो, तर तोच माणूस त्याच दिवशी लेकराला टाकून गेला हे का ओळखता येऊ नये?

आणि लेकरालाही सरकार ओळखतं, फक्त अठरा वर्षांपर्यंत. बालसंगोपन योजना आहे, तिला आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्या योजनेत अनाथ मुलं तर आहेतच, पण आईवडील विभक्त झालेली, एका पालकानं सोडून दिलेली मुलंही आहेत. बालकल्याण समिती चौकशी करते, घरी जाऊन बघते, कागद तयार होतो. त्या कागदावर लिहिलेलं असतं की या मुलाला आजी सांभाळते. मग मुलगा अठराचा होतो. योजना बंद. बारावी संपून पदवीला जायच्या नेमक्या वयात, खर्च दुपटीनं वाढतो त्याच वर्षी, ज्या सरकारनं आजी सांभाळते असं स्वतः लिहून ठेवलं तेच सरकार दुसऱ्या खात्याच्या खिडकीतून वडिलांची सही मागतं. दोन खात्यांनी एकमेकांचा कागद वाचला असता तरी या मुलांचं निम्मं काम झालं असतं.

कायद्याच्या बाजूनंही हे विचित्र आहे. अठरा पूर्ण झाल्यावर कुणीही कुणाचा कायद्यानं पालक राहत नाही. मुलगी मत देते, करार करू शकते, तिच्यावर खटला चालू शकतो. आणि मुलगा अठराचा झाल्यावर त्याला शिकवण्याचं बंधन बापावर राहतं का, याचं सरळ उत्तर आपल्या कायद्यात सापडत नाही. म्हणजे बापानं द्यायचं की नाही ते बापाची मर्जी, पण त्याचं उत्पन्न मात्र मुलाच्या खात्यात मोजायचं. न मिळालेल्या पैशामुळं मुलगा श्रीमंत ठरतो.

सहीचा प्रश्न आपल्याकडं नवा नाही. १९८४ मध्ये गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला. आईची सही चालत नाही, वडिलांची आणा म्हणून अर्ज परत आला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९९ मध्ये निकाल लागला की वडील मुलाकडं लक्ष देत नसतील किंवा जवळ नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. एका अर्जातल्या एका सहीसाठी पंधरा वर्षं गेली. त्या निकालाचा गाभा हाच होता की पालकत्व नात्यावरून ठरवू नका, प्रत्यक्ष सांभाळतं कोण ते बघा. मी मागते आहे ते याहून वेगळं नाही. फक्त सांभाळणाऱ्या माणसाच्या जागी आजी, मामा, मावशी आणि कधीकधी तो विद्यार्थी स्वतःच आहे.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना मला राहून राहून इथला दसरा चौक आणि तिथली बोर्डिंगं आठवतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही. खेड्यातून आलेल्या पोराला शिकायचं तर आधी टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. जैन बोर्डिंगमध्ये राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनी पुढं रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका ही वाट दाखवली, आणि आपल्या शिवाजी विद्यापीठातही त्याच नावाच्या योजनेत मुलं काम करून शिकतात. घरापासून दूर राहणारं मूल ही या शहराच्या ओळखीची गोष्ट आहे. २६ जूनला आपण शाहू जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी करतो, आणि त्याच पंधरवड्यात सेतूच्या रांगा लागतात. त्या रांगेत उभी असलेली आईबापाविना राहणारी मुलं शाहूंच्या गावातली मुलं आहेत, हे मला कुणी विसरलेलं चालणार नाही.

आता एक अवघड भाग. आतापर्यंत मी टाकलेल्या मुलांबद्दल बोलले. त्यांच्याबद्दल कुणालाही कणव येते. पण स्वतः घर सोडून आलेली मुलं असतात, त्यांच्याबद्दल तितकी येत नाही. मला एक मुलगी आठवते, शिरोळकडची. घरी चार एकर ऊस, दूध, सगळं ठीक. दहावीनंतर लग्न ठरवलं, तिनं नाही म्हटलं. बारावीला पुन्हा ठरवलं. ती बारावीचा शेवटचा पेपर देऊन मैत्रिणीच्या आईकडं आली आणि परत गेली नाही. वडिलांनी कागद देणार नाही म्हणून सांगितलं. तिच्या कागदोपत्री कुटुंबाला ऊस आहे, गुऱ्हाळ आहे, आणि ती स्वतः राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी काम करून खानावळीचे पैसे भागवत होती. लोक म्हणतात, हिनं स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं, मग सरकारनं का द्यावं? मी म्हणते, अठरा वर्षांच्या मुलीला शिक्षण हवं की लग्न, एवढंच निवडायला मिळालं आणि तिनं शिक्षण निवडलं. तिला सरकारनं पाठीशी घालायचं नाही तर कुणाला?

बँकेत गेलं तर हे आणखी उघडं पडतं. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, ही चांगली गोष्ट, पण सहकर्जदार म्हणून पालक लागतो. विद्यार्थी विवाहित असेल तर नवरा, बायको किंवा सासरे चालतात. म्हणजे शिरोळच्या त्या मुलीनं शिकण्यासाठी जे लग्न मोडलं, तेच करून आली असती तर सहीला माणूस मिळाला असता. २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण नको, हमीदार नको असं आहे, पण ती निवडक वरच्या दर्जाच्या संस्थांपुरती आहे, आणि व्याजाच्या सवलतीला पुन्हा कुटुंबाचं आठ लाखांच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं. कुटुंब कुणाला म्हणायचं, हा प्रश्न तिथंही तसाच उरतो.

माझे सहकारी यावर एकच आक्षेप घेतात आणि तो खोटा नाही. उद्या ही सोय झाली तर बागायतदाराचा मुलगाही म्हणेल, मी वडिलांजवळ राहत नाही. पत्ता मामाचा देईल आणि शिष्यवृत्ती घेऊन जाईल. होईल असं. पण मग आजचा दाखला तरी कितपत खरा असतो? चारचाकीतून उतरलेल्या पालकाच्या हातात लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला मी या डोळ्यांनी पाहिलेला आहे, एकदा नव्हे. ज्याच्याकडं बाप आहे आणि बापाची ओळख आहे त्याला खोटा कागदही मिळतो. ज्याच्याकडं बाप नाही त्याला खरा कागदही मिळत नाही. लबाडीची भीती दाखवून आपण नेमकं त्यालाच बाहेर ठेवतो ज्याला लबाडी करायला माणूसच नाही.

शिवाय पडताळणी अशक्य नाही, दुसऱ्या देशांनी ती करून दाखवली आहे. इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याच्या मदतीसाठी आईवडिलांचं उत्पन्न बघतात, पण ज्याचे आईवडिलांशी संबंध कायमचे तुटले आहेत त्याचं बघत नाहीत. सहसा वर्षभर संपर्क नसल्याचं बघितलं जातं आणि शिक्षक, डॉक्टर किंवा सामाजिक कार्यकर्त्यासारख्या ओळखीच्या माणसाचं पत्र पुरावा म्हणून चालतं. अमेरिकेत साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून धरतात, पण घरी राहणं धोक्याचं असेल किंवा त्यांनी सोडून दिलं असेल तर कॉलेजचा अधिकारी त्याला स्वतंत्र ठरवू शकतो. २०२४-२५ पासून तर तिथं असा विद्यार्थी तात्पुरता स्वतंत्र धरून अर्ज पुढं जातो, कागद नंतर तपासतात. मला सगळ्यात पटली ती जर्मनीची रीत. तिथं १९७१ पासून विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य देण्याचा कायदा आहे. त्यात पालक आपला हिस्सा देत नसतील किंवा उत्पन्नाची माहितीच देत नसतील आणि त्यामुळं शिक्षण धोक्यात येत असेल, तर सरकार आधी मुलाला पैसे देतं आणि मग पालकांकडं वसुलीला जातं. बापाकडं पैसा आहे ना? मग बापाशी सरकारनं भांडावं. अठरा वर्षांच्या पोराला का पाठवता भांडायला?

आपल्याकडं हे करायला फार मोठं काही लागणार नाही. ज्या मुलाची बालसंगोपनाची फाईल आहे, त्याला अठरानंतर तीच फाईल पुरावा म्हणून चालावी. ज्याची नाही, त्याच्यासाठी शाळेत पालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. प्रगतिपुस्तकावर सही कुणाची आहे ते बघा, आमच्या या मुलीच्या पाचवीपासूनच्या प्रत्येक पुस्तकावर आजीचा अंगठा आहे. मुख्याध्यापक, आशाताई, आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांच्यापैकी दोघांनी लिहून द्यावं. तलाठी चौकशी करतातच, त्यांनी आजीच्या घरी येऊन करावी. दाखला सांभाळणाऱ्याच्या नावानं निघावा, किंवा मुलाच्या स्वतःच्या नावानं. आणि ही चौकशी एका बंद खोलीत व्हावी. बापानं टाकलं हे पोरीला खिडकीपाशी, रांगेतल्या पंचवीस माणसांसमोर, मोठ्यानं सांगायला लावू नये. हे मी पाहिलं आहे, आणि त्या वेळी पोरगी कुठं बघत असते तेही पाहिलं आहे.

जातीचा दाखला आणि वैधता यावर वेगळं लिहावं लागेल, कारण तिथं तर वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचेच पुरावे मागतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात सांगितलं आहे की आंतरजातीय किंवा आदिवासी-बिगरआदिवासी विवाहातल्या मुलाची जात वडिलांचीच असं दर वेळी गृहीत धरता येणार नाही, ते आईच्या समाजात वाढलं असेल तर ते बघितलं पाहिजे. पण त्या निकालापर्यंत पोचणारी मुलं किती असतील?

भुदरगडच्या मुलीचं काय झालं ते सांगते. गेल्या वर्षी तिचा अर्ज मुदतीत पूर्ण झाला नाही. आजीनं पाटल्या गुजरीत, सराफांकडं मोडल्या आणि पहिल्या वर्षाची फी भरली. पाटल्या आजीच्या लग्नातल्या होत्या, मधे झिजून पातळ झालेल्या, त्यामुळं वजन कमी भरलं, हे आजीनंच मला सांगितलं. डिसेंबरात एका मंडल अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं, स्वतः गावी गेले, शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि आजीच्या नावानं उत्पन्नाचा दाखला निघाला. पण तो ३१ मार्चपर्यंतचा होता. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. ते अधिकारी बदलून गेले आहेत, दाखल्याची मुदत संपली आहे, आणि परवा ती पुन्हा माझ्या शेजारी बसून त्याच पानावर आली.